गोड कोण मागते?

मंडळी, पोटभर भाकरी खाल्ली तरी कुंथलगिरीचा पेढा दिसला की हात पुढे जातो. ही भूक कुणाची? पोट तर भरलेले आहे. ही मनाची, सवयीची भूक. चहाची वेळ झाली की तलफ येते ना, तशीच.

पण दरवेळी मनाला दोष देऊ नका. नवरात्रात कितीतरी जण तुळजापूरला चालत जातात, उपासाला साबुदाणा खातात. साबुदाण्याची रक्तात लवकर साखर होते, तशी ती लवकर उतरते. मग पुन्हा खा-खा सुटते. ही शरीराची मागणी. सोबत शेंगदाणे, ताक घेतले तर भूक जरा दम धरते.

आता नीट ऐका. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणारा उपाशी राहिला, त्याला घाम फुटला, हातपाय कापू लागले, गोड मागू लागला, तर "जिभेचे चोचले" म्हणून हसू नका. त्याच्या रक्तातली साखर घसरलेली असते. चहाचे ३ चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजा. १५ मिनिटांत उतार पडला नाही तर पुन्हा द्या. शुद्ध गेली असेल तर मात्र तोंडात काही घालू नका, तडक दवाखाना गाठा.