पंचनाम्यात न लिहिलेलं दुःख
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही विद्वान नाही. सूतगिरणीतला कामगार माणूस. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचलं. चूकभूल झाल्यास सांभाळून घ्यावे.

रिंगफ्रेमच्या खडखडाटात माझी तीस वर्षं गेली. त्या आवाजात मला उभ्या उभ्या डुलकी लागते. पण रात्री घराच्या पत्र्यावर पावसाचा जोर वाढला की मी उठून बसतो. दार उघडून बघावं तर गल्लीत सगळ्यांचेच दिवे लागलेले. प्रश्न एकच, 'राजाराम बंधाऱ्याला किती फूट झालं?' 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे आपल्या पोरांनाही पाठ आहे. पाढे नसतील पाठ!

2005 चा पूर आपण सोसला. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली, जुलै 2021 मध्ये पुन्हा गेली. त्या वर्षी आषाढ पौर्णिमा 24 जुलैला होती. पावसाळ्यात भिक्खूंनी एका जागी राहावं म्हणून वर्षावास, आणि तो सुरू व्हायच्या वेळीच नदीकाठची माणसं गाठोडी घेऊन घराबाहेर.

2019 च्या पुरानंतर पंचनामे झाले. भिंत किती पडली, भांडी किती गेली, सगळं लिहून घेतलं. माझ्या आईच्या ट्रंकेत वडिलांचा एकुलता एक फोटो होता. चिखलातून काढला तेव्हा चौकट शाबूत होती, चेहरा धुऊन गेला होता. तो कुठल्या रकान्यात लिहायचा? आई म्हणाली, "जाऊ दे, माणसं वाचली न्हवं." पण तेव्हापासून मृग लागला की तिचं जेवण तुटतं, आणि ती रिकामी ट्रंक माळ्यावर चढवायला लावते. आम्ही म्हणायचो, वय झालं. बंधूंनो, ते वय नव्हतं, दुःख होतं.

दुःख आहे आणि त्याला कारण आहे, हे तथागतांनी सांगितलं. तेव्हा नदीचा कोप म्हणणं आपल्याला शोभत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2017 साली दाखवून दिलं, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिप्पट झाले. अरबी समुद्रावरून येणारं बाष्प त्याला कारण. जग तापवणारा धूर कुणाचा, आणि पाण्यात पहिलं घर कुणाचं? गावोगाव आपली वस्ती सखल अंगालाच का, हे या सभेला सांगायला नको.

बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथात सुरुवातीलाच नदी आहे. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत युद्धाचा ठराव आला, तेव्हा सिद्धार्थ संघात उभा राहून विरोधात बोलला. बहुमत त्याच्या बाजूला नव्हतं, तरी बोलला. आणि आपण? घरातल्या घरातसुद्धा बोलत नाही. बाप्यांनी तर नाहीच नाही.

म्हणून विनंती अशी, की येत्या वर्षावासात ग्रंथवाचन झाल्यावर अर्धा तास राखून ठेवावा. ज्याच्या घरातून पुरात जे गेलं, ते त्यानं सांगावं. मग ती झोप असो, नाहीतर फोटो. तरुण मंडळींनी ते वहीत उतरून घ्यावं. अनुदानासाठी नव्हे.

पहिलं नाव माझ्या आईचं घाला. ती बोलायला तयार झाली आहे.

जय भीम.