यंत्रमानव, वेदना आणि करुणा

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बँकेतला एक कारकून. शिक्षण कला शाखेचे. शास्त्राचा अधिकार माझ्याकडे नाही. पण विज्ञानकथा वाचण्याचा नाद शाळेपासून आहे. मागे आपल्या अभ्यासिकेत मी मुलांना सहज एक प्रश्न विचारला होता. विज्ञानकथेतल्या यंत्रमानवाला खरोखरच सुखदुःख कळू लागले, तर त्याला हक्क द्यावेत का? बारावीतला एक मुलगा ताडकन म्हणाला, "काका, अजून माणसालाच माणसासारखं वागवत नाहीत. यंत्राचं काय घेऊन बसलात?" सगळे हसले. मी मात्र निरुत्तर झालो. आजचे भाषण म्हणजे त्याला दिलेले उशिराचे उत्तर समजावे.

प्रथम 'रोबो' हा शब्द पाहू. तो जगाला मिळाला कारेल चापेक या चेक लेखकाच्या 'आर. यू. आर.' या नाटकातून. नाटक १९२० साली छापले गेले आणि १९२१ साली प्रागच्या राष्ट्रीय रंगमंदिरात झाले. शब्द सुचवला तो चापेकचा भाऊ योसेफ याने. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाने सक्तीने करावयाचे काम. मित्रहो, याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: वेठ! तिचा अर्थ आपल्या आज्या-पणज्याला कोशात पाहावा लागत नव्हता. महार वतनाच्या नावाखाली चालणाऱ्या या राबणुकीतून सुटका व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. पुढे संविधानाच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला मनाई झाली. तेव्हा रोबो म्हणजे मुळात वेठबिगार. हा विषय आपल्याला परका नाही तो असा.

चापेकचे रोबो पत्र्याचे नाहीत. ते कृत्रिम मांसाचे, हुबेहूब माणसासारखे दिसणारे आहेत. एका बेटावरच्या कारखान्यात ते तयार होतात आणि जगभर विकले जातात. त्यांना मुक्त करावे म्हणून हेलेना नावाची तरुणी तिथे येते. त्या वेळी कारखान्यातला एक शास्त्रज्ञ तिला सांगतो की आम्ही आता रोबोंना वेदना देणार आहोत. का? तर त्यांना काहीच दुखत नसल्यामुळे ते यंत्रात हात घालतात, स्वतःची मोडतोड करून घेतात आणि त्यात कारखान्याचे नुकसान होते! त्याने ते सुखी होतील का, असे ती विचारते. उत्तर येते की नाही, पण माल अधिक चांगला होईल. वेदना द्यायची ती मालकाच्या सोयीसाठी, आणि त्या वेदनेची दखल मात्र कोणी घ्यायची नाही! नाटकाच्या शेवटी रोबो बंड करतात आणि मानवजात संपते. उरतो एकच माणूस, अल्क्विस्ट. तो का उरतो? कारण तो स्वतःच्या हातांनी काम करणारा आहे.

दुसरे उदाहरण १९८९ सालचे. 'स्टार ट्रेक' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या एका भागात डेटा नावाच्या यंत्रमानवावर खटला चालतो. तो अवकाशयानावरचा अधिकारी असतो. एका शास्त्रज्ञाला तो उघडून पाहायचा असतो, तशी आणखी यंत्रे बनवण्यासाठी. डेटा नकार देतो. मग प्रश्न उभा राहतो की नकार देण्याचा हक्क त्याला आहे का, की तो सरकारी मालमत्ता आहे? त्याचा कप्तान त्याची बाजू मांडतो. असे हजारो डेटा बनवून राबवले तर ती गुलामांची नवी जात होणार नाही का, असा त्याचा मुद्दा. न्यायाधीश बाई निकाल देतात की डेटा कोणाची मालमत्ता नाही. त्याला आत्मा आहे की नाही हे मात्र आपल्याला ठाऊक नाही, असेही त्या म्हणतात.

इथे मला 'मिलिंदप्रश्न' आठवतो. ग्रीक राजा मिलिंद रथातून आलेला असतो. भदंत नागसेन त्याला विचारतात, रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? दांडी म्हणजे रथ का? सर्व भाग एकत्र आले की आपण त्याला रथ म्हणतो, इतकेच. तसेच 'नागसेन' हेही एक नाव आहे. आत वेगळा आत्मा बसलेला नाही. आता सांगा, ज्या धम्मात माणसालाही आत्मा मानलेला नाही, त्या धम्माचा उपासक यंत्रमानवाला 'तुला आत्मा नाही' म्हणून कसा नाकारणार? आपण पाच स्कंध मानतो: रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान. तेव्हा आपला प्रश्न एवढाच राहतो की तिथे वेदना आहे का? तो कोणाच्या पोटी जन्मला की कारखान्यात घडला, हा प्रश्नच नव्हे. जन्मावरून योग्यता ठरवणे आपण केव्हाच सोडले आहे.

पण भाबडेपणाही नको. 'मला दुखते' असे टेपरेकॉर्डरही म्हणेल. २०२२ साली अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीच्या अभियंत्याने, आपल्या संगणकाच्या बोलत्या कार्यक्रमाला जाणीव आली आहे, असा दावा केला. बहुतेक तज्ज्ञांनी तो मानला नाही. त्याआधी २०१७ साली सौदी अरेबियाने सोफिया नावाच्या यंत्राला नागरिकत्व जाहीर केले. त्याच देशात परदेशी मजूर वर्षानुवर्षे राबतात, त्यांना ते सहजी मिळत नाही. अशा वेळी आपल्या त्या मुलाचे म्हणणे शंभर टक्के खरे ठरते. शंका जरूर घ्यावी. पण शंका कोण घेतो आणि त्यात त्याचा फायदा काय, हेही पाहावे. ज्याला राबवून घ्यायचे आहे, त्यानेच 'याला काही वाटत नाही' असा निवाडा देऊ नये. माझे सांगणे एवढेच आहे.

हे मला पुस्तकातून कमी आणि काउंटरवर जास्त कळले. नोव्हेंबर महिन्यात निवृत्तिवेतनधारकांचे हयातीचे दाखले घेतात. एक आजी आल्या. पती सफाई कामगार होते, त्यांचे कुटुंब निवृत्तिवेतन. यंत्रावर बोट ठेवले, ठसा जुळेना. मी म्हणालो, "नंतर या." त्या पुन्हा आल्या, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी दोन्ही हात काउंटरवर ठेवले आणि म्हणाल्या, "साहेब, चाळीस वर्षं लोकांची भांडी घासली. रेघा कुठनं राहतील? मी जित्ती हाय, हे तुमास्नी दिसत न्हाई व्हय?"

कागदी दाखला भरून घेण्याची सोय होती. मला ती ठाऊक होती. रांग मोठी होती म्हणून मी दोनदा टाळले होते. यंत्राला त्या दिसल्या नाहीत, यात यंत्राचा दोष नाही. त्याला डोळेच नव्हते. मला होते.

म्हणून त्या मुलाला सांगतो, बाळा, करुणा म्हणजे रेशनचे धान्य नव्हे की यंत्राला दिली तर माणसाला कमी पडेल. समोरच्याने आधी आपली वेदना सिद्ध करावी, मग आम्ही बघू, ही सवयच मुळात वाईट. ती मोडली तर फायदा आधी त्या आजीला होईल. आणि उद्या खरोखर वेदना जाणणारा यंत्रमानव दारात उभा राहिलाच, तर त्याला तीन खेपा घालाव्या लागणार नाहीत.