आधी तपासणी, मग गोळी



हैदराबादेत काचीगुडा असो, नाहीतर गच्चीबावली,
एक तक्रार घरोघरी ऐकू येते.
जेवण झालं, की पोट डब्ब होतं.
आपण ओवा चावतो,
आणि बिचाऱ्या बिर्याणीला बोल लावतो.

पण कधी कारण वेगळंच असतं.
जिवाणूंची खरी वस्ती मोठ्या आतड्यात.
लहान आतड्यात ते थोडेच असतात.
तिथे ते फार वाढले,
की आपलं अन्न आधी तेच खातात.
मग गॅस होतो. जुलाब होतात.
कधी बी-12 जीवनसत्त्व कमी पडतं.
जुना मधुमेह असेल,
किंवा आतड्याची शस्त्रक्रिया झाली असेल,
तर ही शक्यता जास्त.

तपासणी असते श्वासाची.
रात्रभर उपाशी राहायचं.
सकाळी ग्लुकोजचं पाणी प्यायचं.
मग थोड्या थोड्या वेळाने नळीत फुंकायचं.
श्वासात हायड्रोजन लवकर वाढला,
तर संशय बळावतो.

पोटाच्या आजारांसाठी देशभरातून रुग्ण हैदराबादला येतात.
पोटविकारतज्ज्ञ डॉ. डी. नागेश्वर रेड्डी यांची एआयजी संस्था इथलीच.
आपल्याला तर तज्ज्ञ घराजवळच आहेत!

उपचारात बहुधा रिफॅक्सिमिन हे अँटिबायोटिक देतात.
ते रक्तात फारसं जात नाही,
आतड्यातच काम करतं.
साधारण 2 आठवडे घ्यावं लागतं.
मूळ कारण तसंच राहिलं,
तर त्रास पुन्हा उलटतो.

म्हणून परत सांगते,
आधी तपासणी, मग गोळी.
शेजाऱ्यांची चिठ्ठी दाखवून
मेडिकलमधून अँटिबायोटिक आणू नका.
त्याने तपासणीही फसते.

आणि वजन घटत असेल,
शौचावाटे रक्त जात असेल,
तर डॉक्टरांना लगेच दाखवा.