गावचा खराटा कोणाच्या हाती?



गावातील रस्ते, गटारे व पाणवठे स्वच्छ राखणे हे १९५८ च्या अधिनियमाने ग्रामपंचायतीचे कर्तव्य ठरविले आहे. त्यासाठी कर बसविण्याचा अधिकारही तिला आहे. परंतु कर भरून झाडणारा मिळतो. स्वच्छतेची वृत्ती मिळत नाही. १९५६ साली निवर्तलेले संत गाडगेबाबा गावात येताच प्रथम खराटा हाती घेत. दिवसा रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनातून अस्पृश्यतेचा मळ काढीत.

शाळेतही हेच पथ्य पाळले जावे. अंगण झाडण्याची पाळी पाटलाच्या व मजुराच्या, मुलाच्या व मुलीच्या वाट्यास सारखीच यावी. आणि पहिल्या दिवशी खराटा गुरुजींच्या हाती असावा. विशिष्ट जातीच्याच मुलांकडून झाडून घेतल्यास अंगण निर्मळ होईल, शाळा होणार नाही.