बाद झालेला गडी

वाशीम जिल्ह्यांतील केनवडसारख्या गांवीं हुतुतूचा डाव मांडावयास फारसें साहित्य लागत नाहीं. जमिनीवर चार रेघा ओढल्या आणि दोन बाजू पाडल्या कीं झालें. वऱ्हाडांतीलच अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें १९३६ सालीं हा खेळ बर्लिनच्या प्रेक्षकांना दाखविला. या साध्या खेळांत एक नियम असा आहे कीं, तो शहरांतील सुशिक्षित आईबापांनींही ध्यानीं घ्यावा.

बाद झालेला गडी रेषेबाहेर जाऊन बसतो. त्याच्या सोबत्यांनीं प्रतिपक्षाचा एक गडी मारला, म्हणजे तो पुन्हां जिवंत होतो. जो आधीं बाद झाला तोच आधीं परत येतो. या प्रकारास संजीवनी म्हणतात, आणि आजच्या कबड्डींतही तो नियम टिकून आहे. बाहेर बसलेल्या मुलाला त्यापासून तीन गोष्टी कळतात. आपण बाद झालों तरी खेळ संपत नाहीं. रडून कोणी आंत घेत नाहीं. आणि आपली सुटका सोबत्याच्या यशांत आहे.

शहरांतील घरीं मुलाला खेळावयास गडी मिळतो तो बहुधा बाप किंवा आजोबा. कॅरमचा डाव हातचा जाऊं लागला कीं मुलाचा चेहरा उतरतो, आणि मोठीं माणसें मुद्दाम हरतात. कांहीं घरीं उलट, ‘एवढेंही जमलें नाहीं?’ म्हणून त्याला टोचलें जातें. पहिल्या रीतीनें जग आपल्यापुढें हरावयासच बसलें आहे असें मुलाला वाटूं लागतें. दुसरीनें, डाव हरला म्हणजे आपणच टाकाऊ ठरलों असें वाटतें.

त्यापेक्षां लहान मुलाला कांहीं सोंगट्यांची सूट आरंभींच उघडपणें द्यावी, आणि मग मन लावून खेळावें. तें हरलें तर डोळे पुसावयास क्षणभर सवड द्यावी. उपदेशाची घाई करूं नये. मात्र सोंगट्या उधळण्याची मुभा नसावी. जिंकणाऱ्यास शाबासकी देऊन पुढील डाव दोघांनीं मिळून लावावा. ज्या घरांत वडील माणसें सामना हरतांच पंचाला दूषणें देतात, तेथें मूल दुसरें काय शिकणार?

कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें सहावे आले. गादीवरील कुस्ती त्यांना नवी होती. तिचा अभ्यास करून १९५२ सालीं हेलसिंकी येथें त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण तेंही सर्व कुस्त्या जिंकून मिळालेलें नव्हे. जपानच्या शोहाची इशी यांच्याकडून ते त्याच स्पर्धेंत हरले होते. मुलांना ही कथा सांगतांना पदकाबरोबर ही हारही सांगावी.

प्रत्येक मुलाला खाशाबा व्हावयाचें नाहीं. पण रेषेबाहेर बसणें, सोबत्याला हुरूप देणें आणि आपली पाळी आली म्हणजे धूळ झटकून उठणें, एवढें प्रत्येकाला लहानपणींच आलें पाहिजे.