स्फोटानंतरचे पहिले वाक्य

११ जुलै २००६ रोजी लोकलगाड्यांत सात स्फोट झाले. जोगेश्वरी, बोरिवली ही आपलीच स्थानके. त्या संध्याकाळी रुळांलगतच्या वस्त्यांतील माणसांनी धर्म न विचारता जखमींना उचलले. पुढाऱ्यांना मात्र नेहमी गुन्हेगार जाहीर करण्याची घाई! २०१५ साली शिक्षा झालेल्या बाराही जणांना उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निर्दोष ठरविले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. एकोणीस वर्षांनंतरही मृतांचे नातलग उत्तरावाचूनच होते.

पहिल्या दिवशी पुढाऱ्याने मृतांविषयी, उपचारांविषयी आणि अल्पसंख्याकांच्या संरक्षणाविषयीच बोलावे. २००८ च्या हल्ल्यानंतर मोठ्या शहरांत असे घडतेच, अशा अर्थाचे बोलून टीका ओढवून घेतलेल्या राज्याच्या गृहमंत्र्यांना पद सोडावे लागले. योग्यच झाले. परंतु एका जमातीकडे बोट दाखविणाऱ्या पुढाऱ्याचा राजीनामा कोणी घेतल्याचे मला तरी आठवत नाही.