झाळलेल्या सांध्याची पारख

नव्वदीच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडून खेळण्याची जी यंत्रे घरोघरी आली, ती बहुतांशी निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८३ साली काढलेल्या 'फॅमिली कॉम्प्युटर'च्या नकला होत्या. आणि त्यांतील कित्येक यंत्रे चित्राचा संकेत एका लहानशा डबीतून अँटेनाच्या वाटेने टीव्हीकडे धाडीत असत. तो संकेत त्या डबीच्या अलीकडेच उचलून, एका ट्रान्झिस्टरमार्फत व्हिडिओच्या पिवळ्या पिनेवर आणला, तर तेच जुने चित्र पुष्कळ स्वच्छ दिसते. हा बदल हिंगणघाट तालुक्यातील आमच्या अल्लीपुरातही घरी बसून करता येतो. मात्र तो केल्यावर पडदा काळाच राहिला, म्हणजे मनुष्य प्रथम यंत्रातल्या चिपवर आळ घेतो आणि ती बदलण्याच्या खर्चाला भिऊन यंत्र भंगारात टाकतो, याचे मला फार वाईट वाटते. माझा आग्रह असा की, तपास झाळलेल्या सांध्यापासून सुरू करावा. कारण चिप इतकी वर्षे चालत आलेली असते, आणि नवे काय घडले असेल तर ते सांध्यात.

वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने तेलघाणीसारख्या साध्या साधनावरही प्रयोग केले. साधन साधे म्हणून त्यामागील शास्त्र उपेक्षणीय नसते, ही दृष्टी या जिल्ह्याला परकी नाही. सोल्डरिंग आयर्नकडेही तसेच पाहावे. संध्याकाळी विजेचा दाब २३० वरून १८० व्होल्टवर उतरला, तर उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्यामुळे, २५ वॅटचे आयर्न जेमतेम १५ वॅटचे उरते. साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसे असलेला सोल्डर १८३ अंशांवर वितळू लागतो, आणि एवढी उष्णता टोकाला असतेच. परंतु अर्थिंगची रुंद तांब्याची पट्टी ती उष्णता शोषून घेते, सोल्डरची तार वितळते, पट्टी मात्र थंडच राहते, आणि वरून सुबक दिसणारा गोळा आत कशालाच चिकटलेला नसतो. कारागीर ज्याला 'ड्राय सोल्डर' म्हणतात तो हाच. चित्रात आडवे पट्टे फिरू लागले, किंवा पेटीवर हात दाबताच चित्र येऊन पुन्हा गेले, तर अर्थिंगचा सांधा आधी पाहावा.

भिंग घेऊन पाहिले असता, खरा सांधा पट्टीच्या कडेपर्यंत पसरून पिनेवर उतरता चढलेला दिसतो. खोटा गोळीसारखा फुगतो, अथवा त्याच्याभोवती केसाएवढी चीर असते. शिसेविरहित सोल्डरचा सांधा चांगला असूनही मंद दिसतो, म्हणून केवळ चकाकीचा दाखला मानू नये.

यानंतर वीज तोडून मल्टिमीटरने रुजुवात करावी, आणि येथेच अनुभवी माणूसही फसतो: मीटरची सळई थेट सांध्यावर टेकविली, की तिच्या दाबानेच चीर मिटते आणि मीटर बिनदिक्कत वाजतो. म्हणून सळया सांध्याच्या पलीकडे, एक तांब्याच्या रेषेच्या दूरच्या टोकाला आणि दुसरी तारेच्या मोकळ्या टोकाला लावून, मधली तार हलकेच हलवावी. पाच व्होल्टची वाट आणि अर्थिंग यांच्यामध्ये सोल्डरचा थेंब पडून पूल झाला नाही ना, याची खातरजमा तर वीज देण्यापूर्वीच झाली पाहिजे.

कसूर सापडला की नुसता नवा सोल्डर वर ओतू नये. जुना काढून, राळेची पेस्ट लावून, पट्टी व पीन दोन्ही एकदम तापवून मगच सोल्डरची तार टेकवावी. नळकामाची आम्लयुक्त पेस्ट वापरू नये, ती पुढे तांबे खाते. पट्टीच उखडली असेल, तर त्याच रेषेवर पुढे असलेल्या छिद्रापर्यंत बारीक इनॅमलची तार, टोके खरवडून, न्यावी आणि ती हलू नये म्हणून थेंबभर गोंदाने बसवावी. काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण शिसे विषारी असते, आणि या यंत्राशी खेळणारी मुलेच बहुधा शेजारी बसून ते दुरुस्त होताना पाहत असतात.